परीक्षक : इयत्ता पाचवी

साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार गेली काही वर्षं जूनमध्ये जाहीर होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, लेखकाचा फोटो येतो, त्याच्या गावात शाल-श्रीफळ होतं. ज्यांच्यासाठी ते पुस्तक लिहिलं, त्या पाचवी-सहावीच्या मुलांपर्यंत मात्र यातलं काहीच पोहोचत नाही. पुस्तकही नाही आणि बातमीही नाही. म्हणून हे आवाहन. चौथी ते सातवीत मूल असलेल्या आईबाबांना, या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभागाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांना. म्हणणं एवढंच आहे, की या वर्षी पुरस्काराच्या लायकीची सात-आठ पुस्तकं तुम्ही निवडून मुलांपुढे ठेवा आणि त्यांतलं पहिलं कोणतं, ते मुलांना ठरवू द्या. रीतसर मतदान घेऊन.

हेच वय का, तर गळती इथेच होते. तिसरीपर्यंत वाचनाचं बरं चाललेलं असतं. चित्रांची पुस्तकं असतात, झोपताना कुणीतरी वाचून दाखवतं. मूल स्वतः वाचायला लागलं, की 'आता येतं ना तुला' म्हणून आपण वाचून दाखवणं बंद करतो. त्याच सुमाराला चित्रांची पुस्तकं त्याला बाळबोध वाटायला लागतात आणि मोठ्यांच्या कपाटातली कादंबरी बघूनच छाती दडपते. मधल्या या काळात हवं असतं शंभर-सव्वाशे पानांचं, लहान प्रकरणांचं, अधूनमधून चित्र असलेलं आणि आपल्याच वयाचा नायक असलेलं पुस्तक. ते हाताशी नसलं, तर मोबाईल असतोच. पुढे आठवीत आपण 'हा काही वाचतच नाही' म्हणून तक्रार करतो, तोवर तीन-चार वर्षं निघून गेलेली असतात.

यादी करताना पुरस्कारांपासून सुरुवात करायला हरकत नाही. अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असं त्याचं स्वरूप. मराठीत पहिल्या वर्षी तो अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला मिळाला, दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. पण पुढे एक अडचण येते. मधली बरीच वर्षं हा पुरस्कार एका पुस्तकाला न देता लेखकाच्या एकूण कामगिरीला दिला गेला. २०१४ साली माधुरी पुरंदरे, २०१६ साली राजीव तांबे, २०१८ साली रत्नाकर मतकरी. नावं योग्यच आहेत. पण दुकानात जाऊन 'ते पुरस्कारवालं द्या' म्हणणाऱ्या बाबांना त्यातून काही हाती लागत नाही. पुरंदऱ्यांच्या गोष्टीतल्या चिमुकल्या राधाच्या वयाचं पुस्तक आणि त्यांचंच बारा वर्षांच्या मुलाचं पुस्तक यांत महदंतर आहे. तेव्हा लेखकाचं नाव बघून पुस्तक उचलू नका, उघडून बघा.

दुसरं असं, की पुरस्कार सगळ्यांपर्यंत पोहोचलेलाच नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांनी वाचला. त्याला अकादमीचा हा पुरस्कार मिळणं शक्यच नव्हतं, कारण त्याचे लेखक भा. रा. भागवत २००१ साली गेले, तेव्हा हा पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. राज्य सरकारने त्यांच्या नावाने बालवाङ्मयाचा एक पुरस्कार ठेवला आहे, तो नाटकांना देतात. कादंबरीचा साने गुरुजींच्या नावाने आहे. यामागचा विचार समितीलाच ठाऊक. असो. सांगायचं हे, की यादीत निम्मी पुस्तकं पुरस्कारवाली असावीत आणि निम्मी अशी, की ज्यांना आपण स्वतः पुरस्कार दिला असता.

आता पुस्तकांकडे येऊ. माझ्या यादीत पहिलं नाव ल. म. कडूंच्या 'खारीचा वाटा'चं. २०१७चा पुरस्कार त्याला मिळाला. धरणात गाव जाणार आहे आणि एक शाळकरी मुलगा ते पाहतो आहे, असं हे पुस्तक. विस्थापनावर मोठ्यांसाठी पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात आकडे असतात, मोर्चे असतात, कोर्ट असतं. इथे मुलाच्या नजरेच्या उंचीवर जे दिसतं, ते आहे. आपलं घर, आपलं रान, आपली जनावरं आणि हे सगळं सोडून जायचं म्हणजे नेमकं काय, हा न सुटणारा प्रश्न. मुलांना दुःखाचं पुस्तक देऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधी स्वतः वाचावं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घर बदलणं, आजी जाणं, बाबांची नोकरी सुटणं यांतलं काहीतरी ठाऊक झालेलंच असतं. ते कुणी बोलत नाही एवढंच. पुस्तक बोललं तर बरंच वाटतं त्याला. धरणाखालच्या किंवा धरणामुळे उठलेल्या गावातली तुमची शाळा असेल, तर हे पुस्तक यादीत नसणं मला तरी समजणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाला बोक्या. चिन्मयानंद सातबंडे असं भारदस्त नाव असलेला दहा वर्षांचा कार्टा. प्रभावळकरांनी तो आधी आकाशवाणीसाठी लिहिला आणि ते पुस्तकात कळतं. वाक्यं कानाला लागतात, वाचून दाखवायला अडखळावं लागत नाही. बोक्या उपद्व्यापी आहे, पण बहुतेक उपद्व्याप कुणासाठी तरी असतात, आणि लेखक ते मुद्दाम बोट ठेवून सांगत नाही. हा संयम बालसाहित्यात फार दुर्मीळ आहे. 'आणि मग त्याला आपली चूक कळली' हे वाक्य आलं रे आलं, की सहावीतलं मूल पान उलटतं. तुम्हीही उलटलं असतं.

सलीम सरदार मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध' २०१९च्या पुरस्काराचं. लेखक वनखात्यात नोकरी करणारा माणूस आहे, त्यामुळे त्यातलं जंगल ऐकीव नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना ते आपल्या उंबऱ्याबाहेरचं वाटेल, मुंबईच्या मुलांना नवलाचं. संगीता बर्वेंची 'पियूची वही' (२०२२चा पुरस्कार) मी अशा मुलांना सुचवते, ज्यांना स्वतःला काहीबाही लिहायची खोड आहे. पियू वहीत आपलं रोजचं लिहीत जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे तर मलाही जमेल. पुस्तकाने एवढं केलं तरी पुष्कळ झालं. भारत सासण्यांचं 'समशेर आणि भूतबंगला' २०२४च्या पुरस्काराचं. उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेला, मोठ्यांच्या कथेतला मातब्बर लेखक मुलांसाठी भूतबंगल्यात शिरतो, याचं मला विशेष वाटतं. मुलांना अर्थात संमेलनाशी देणंघेणं नाही, त्यांना भूतबंगला पुरे.

भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फाफे, यादीत हवाच, पण एक सांगते. त्यातली काही पुस्तकं आजच्या मुलाला जड जातात. 'जवानमर्द फास्टर फेणे'च्या मागे १९६२चं चीनचं युद्ध आहे, ते माहीत नसेल तर निम्मा थरार वाया जातो. तिथे आजोबांनी पाच मिनिटं बसून सांगावं, मग पुस्तक द्यावं. आपल्या लहानपणी आवडलेलं पुस्तक मुलाच्या गळी उतरवायचा हट्ट मात्र नको. नाही आवडला फाफे तर नाही आवडला. 'गोट्या' त्याहून जुना, त्याच्या बाबतीत तर हे जास्तच खरं.

अनुवादाला नाक मुरडणारे पालक भेटतात, 'आपलं सोडून परक्याचं कशाला' म्हणणारे. त्यांनी विक्तर द्रागुन्स्कींचा देनिस बघावा. 'देनिसच्या गोष्टी' अनघा भट यांनी थेट रशियनमधून मराठीत आणल्या आहेत. द्रागुन्स्कींची सगळ्यांत गाजलेली गोष्ट रव्याच्या लापशीची आहे. देनिसला ती अजिबात आवडत नाही. आई म्हणते, संपवलीस तर फिरायला नेईन. तो तिच्यात साखर घालतो, मीठ घालतो, हाताला लागेल ते घालतो, प्रत्येक वेळी चव आणखी बिघडते आणि शेवटी वाडगं खिडकीतून रिकामं करतो. थोड्या वेळाने दारात पोलीस उभा, शेजारी एक गृहस्थ, डोक्यावरच्या हॅटपासून खाली लापशी ओघळते आहे. मॉस्को असो की मालेगाव, न आवडलेली लापशी सगळीकडे सारखीच असते. आई रागावते का, पुढे काय होतं, हे लेखक जेमतेम सांगतो. आणि मुलं त्यावर तासभर बोलतात.

'तोत्तोचान'बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलं, चेतना सरदेशमुख-गोसावींनी त्याचा अनुवाद केला, आणि शिक्षकांच्या वर्तुळात त्याला जवळजवळ पोथीचा मान आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी टोकियोतली खरीखुरी शाळा, मुलांचं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालेली ती शाळा, हे सगळं विलक्षण आहे. पण ते मोठ्यांना जास्त रडवतं. चौथीतल्या मुलाला अख्खं पुस्तक देण्यापेक्षा डब्यातलं जेवण, झाडावर चढणं अशी दोन-चार प्रकरणं वाचून दाखवावीत. सातवीतलं मूल मग आपण होऊन उरलेलं वाचेल.

यादीत नाटक आणि कविता जवळपास नसतातच, ती घाला. मतकरींचं 'निम्मा शिम्मा राक्षस' वर्गात पात्रं वाटून वाचता येतं. एरवी ज्याला वाचायचा कंटाळा, तो राक्षसाची वाक्यं मिळाली की घरी जाऊन पाठ करून येतो. विंदांचं 'एटू लोकांचा देश' हे तर मोठ्याने वाचण्यासाठीच आहे. एकनाथ आव्हाडांच्या 'छंद देई आनंद'ला २०२३ साली आणि सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया'ला २०२५ साली अकादमीने पुरस्कार दिला, म्हणजे कविता परीक्षकांना तरी दिसते आहे.

काय घेऊ नये, हेही स्पष्ट सांगायला हवं. शाळेत विक्रेता येतो, भरघोस सवलत देतो आणि पंचवीस पातळ पुस्तकांचा संच देऊन जातो. संस्कारकथा, थोरांची चरित्रं, बोधकथा, 'सुलभ' केलेलं रामायण. लेखकाचं नाव बहुधा नसतंच, चित्रं कुठूनतरी उचललेली, जोडाक्षरं फुटलेली. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान येतं, प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजारांपर्यंत. ते या संचांवर गेलं, की त्या वर्षीचं वाचन संपलं. तेवढ्याच पैशांत वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच पुस्तकांच्या दोन-दोन प्रती येऊ शकतात. पुस्तक पारखायचं कसं, तर दुकानात उभं राहून मधलं कुठलंतरी एक पान मोठ्याने वाचा. तोंडात घोळलं, पुढचं पान उलटावंसं वाटलं आणि त्या पानावर कुणी कुणाला उपदेश करत नसेल, तर घ्या.

आता मतदानाचं. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत बालसाहित्याचं न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलं जातं, ते मोठी माणसं ठरवतात. (१९२८ साली ते धनगोपाल मुखर्जींच्या कबुतराच्या गोष्टीला मिळालं होतं, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं.) पण तिथे मुलांच्या मतांवर दिले जाणारे पुरस्कारही जुने आहेत. वायव्येकडच्या राज्यांत सिएटलच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या पुढाकाराने असा पुरस्कार १९४० साली सुरू झाला. टेक्सास राज्यातला ब्लूबॉनेट पुरस्कार १९७९ साली स्थापन झाला आणि तिसरी ते सहावीची मुलं तो ठरवतात. त्यांची पद्धत मला फार पटते. वीस पुस्तकांची यादी मोठ्यांची समिती करते. त्यातली निदान पाच पुस्तकं वाचली, तरच मुलाला मत. म्हणजे यादी फुसकी निघणार नाही याची जबाबदारी मोठ्यांवर आणि निकाल मुलांच्या हातात.

आपल्याला वीस झेपणार नाहीत. आठ पुस्तकं घ्या, तीन वाचणाऱ्याला मत द्या. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला यादी लावा, नाहीतरी त्या दिवशी शाळेत काहीतरी करायचंच असतं. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रती मुलांच्या हातात पडू द्या, कारण सुट्टीतल्या दुपारी पुष्कळ मोठ्या असतात. मतदान २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. त्या दिवशी ग्रंथदिंडी काढून पुस्तकं परत कपाटात ठेवण्यापेक्षा हे बरं.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत हे करून पाहिलं. त्यांनी आधी रोज मधल्या सुट्टीनंतर एका पुस्तकाची पहिली दोन पानं वाचली आणि ऐन रंगात आलं की थांबल्या. 'पुढं काय झालं बाई?' 'पुस्तक टेबलावर आहे.' एवढंच. बुटांच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी, वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या, बोटाला स्केचपेनची शाई. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि एका ओळीत कारण. एकाने लिहिलं होतं, 'त्या पोरानं चूक केली तरी कुणी त्याला भाषण दिलं नाही म्हणून.' दुसरीने, 'आमच्या घरी पण असंच बोलतात.' एकाने प्रामाणिकपणे, 'लहान होतं.' समीक्षक यापेक्षा काय वेगळं सांगतो, तो फक्त लांबवतो.

या सगळ्यात मोठ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पुस्तकावर प्रश्नोत्तरं, सारांश, प्रकल्प काही लावू नका. वाचून झाल्यावर लिहून द्यावं लागतं हे कळलं, की मुलं सगळ्यांत पातळ पुस्तक उचलतात आणि त्यात त्यांची चूक नसते. मूल तीन पुस्तकं वाचून आलं, हे त्याच्या तोंडी दोन मिनिटं ऐकलं तरी कळतं. आणि आपलं आवडतं पुस्तक कोणतं, हे मतदान होईपर्यंत चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. मुलं बाईंच्या मनातलं ओळखण्यात पटाईत असतात, तसंच मत देऊन मोकळी होतील.

'मुलं भुताचं आणि विनोदीच निवडतील' ही शंका दर वेळी येते. निवडू देत. पहिल्या वर्षी भूतबंगला जिंकेल, कदाचित दुसऱ्याही वर्षी. पण जिंकलेलं पुस्तक वाचलेल्या मुलाने त्या निमित्ताने आणखी दोन वाचलेली असतात, त्याशिवाय मतच नव्हतं. शिवाय मतमोजणीनंतर हरलेल्या पुस्तकाची बाजू घेऊन भांडणारं एखादं मूल निघतंच. त्याला भांडू द्या, वर्गासमोर उभं राहून. त्या आठवड्यात ते हरलेलं पुस्तक टेबलावर राहत नाही, असा त्या बाईंचा अनुभव.

घरातलं एकटंच मूल असेल, शाळा दाद देत नसेल, तर बिल्डिंगमधली किंवा वाडीतली सहा-सात मुलं जमवा. चार घरांनी दोन-दोन पुस्तकं विकत घेतली की आठ झाली. परदेशात राहणाऱ्यांना तर महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत हे सहज जमेल. तिथल्या मुलांचा मराठी वाचण्याचा वेग कमी असतो, म्हणून तीनऐवजी दोन पुस्तकांवर मत द्या आणि एक पुस्तक कुणीतरी वाचून दाखवलेलं चालेल, असा नियम करा. पैशांची अगदीच अडचण असेल, तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. त्यातल्या आठ गोष्टी निवडून गोष्टींचंच मतदान घेता येईल. पुस्तकं फाटतील, एखादी प्रत हरवेलही. ते खर्चात धरा आणि कपाटाला कुलूप लावू नका.

निकाल लागला, की जिंकलेल्या लेखकाला कळवा. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत प्रकाशकाचा पत्ता छापलेला असतो, त्यावर लेखकाच्या नावाने पोस्टकार्ड टाकायचं. मजकूर मुलांनी लिहायचा, शुद्धलेखन दुरुस्त न करता, आणि किती मतं पडली तो आकडाही घालायचा. ज्यांची पुस्तकं हरली त्या लेखकांनाही कार्ड पाठवायचं का, हे मुलांनाच विचारा.